सध्या काय ऐकून राहिले?

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. घाईत असाल तर सेव्ह करून ठेवा, रात्री जेवणं झाल्यावर वाचा.

आम्ही पाच-सहा जण रविवारी सकाळी रामाळा तलावाकडे फिरायला जातो आणि परतताना जटपुरा गेटजवळ एका टपरीवर चहा पितो. सगळ्यात लहान ३० चा, सगळ्यात मोठे ७० च्या पुढचे. राजकारणावर बोलायचं नाही हा आमचा नियम. मागे एका निवडणुकीवरून दोघांची सहा महिने बोलचाल बंद होती, तेव्हापासूनचा. मग बोलायचं काय? तर दर रविवारी एकच प्रश्न फिरतो, "सध्या काय ऐकून राहिले?" प्रत्येकानं आठवड्यात ऐकलेलं काहीतरी सांगायचं, मोबाईलवर दोन मिनिटं ऐकवायचं, बाकीच्यांनी मधे बोलायचं नाही. टीका चहा संपल्यावर.

वेकोलितून रिटायर झालेले आमचे काका वसंतराव देशपांड्यांच्या पलीकडे जात नाहीत. "मूर्तिजापूरचा माणूस आहे, आपल्या विदर्भाचा," हे वाक्य दर वेळी येतेच. 'कट्यार' १९६७ चं, पण काकांसाठी ते कालच रंगमंचावर आलं आहे. बँकेतला मित्र 'शिवकल्याण राजा' लावतो. १९७४ ची रेकॉर्ड, राज्याभिषेकाला ३०० वर्षं झाली तेव्हाची. त्याच्या वडिलांनी घेतलेली एलपी अजून घरात आहे, वाजवायला मशीन नाही. बल्लारपूर पेपर मिलमधले अण्णा घंटसालांची जुनी तेलुगू गाणी ऐकवतात आणि आम्हाला एक शब्द कळत नसला तरी डोळे मिटून ऐकतात म्हणून आम्हीही मिटतो. आमच्यातल्या एकट्या ताई नर्स आहेत. रात्रपाळीत त्या भीमराव पांचाळेंच्या गझला ऐकतात. आणि सगळ्यात लहान जो आहे तो डिव्हाइनचं रॅप लावतो, त्यावर काका दर वेळी म्हणतात, "हे भांडण आहे का गाणं?"

तीन रविवारांपूर्वी माझी पाळी आली. मी म्हटलं, "कुमार गंधर्वांची निर्गुणी भजनं." सगळ्यांनी माना डोलावल्या. हे उत्तर कधी चुकत नाही.

पण ते खोटं होतं. मी महिनाभर काहीच ऐकत नव्हतो. मी एक गाणं शोधत होतो. साडेचार मिनिटांचं. जुना मोबाईल, दोन मेमरी कार्डं, एक पेन ड्राइव्ह, मुलीचा बंद पडलेला लॅपटॉप, सगळं उलटंपालटं करून. सापडलं नाही. त्या गाण्याला नाव नव्हतं, त्याचा अल्बम नव्हता, ते कोणत्याच ॲपवर नाही. म्हणून टपरीवर सांगता आलं नाही. आज इथे सांगतो.

थोडं मागून सुरुवात करतो.

माझे बाबा सिंदेवाही तालुक्यातले धानाचे शेतकरी. दिवाळी झाली, मंडई लागली की ते दंडारीत ढोलकी वाजवायचे. बाहेरच्यांसाठी सांगतो. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा सगळा झाडीचा मुलूख, झाडीपट्टी. इथली बोली झाडी. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी आयुष्य घातलं तिच्यावर, म्हणून ती 'अशुद्ध मराठी' नाही, बोली आहे, हे आम्हाला छातीठोकपणे सांगता येते. दंडार, खडी गंमत, गोंधळ हे या मुलखाचं गाणं-बजावणं. रात्री सुरू झालं की कोंबडं आरवेपर्यंत.

घरी ट्रान्झिस्टर होता. बुधवारी अमीन सयानींचा आवाज लागला की बाबा खाटेवर उठून बसत. पाहुणे आले आणि कोणी विचारलं, "काय ऐकता भाऊ?" तर बाबा म्हणत, "लताबाई." कधीच 'दंडार' म्हणाले नाहीत. मी एकदा विचारलं, तुम्ही तर रात्र-रात्र ढोलकी वाजवता, मग ते का नाही सांगत? ते म्हणाले, "आरे बाबू, ते का आयकाचं गानं हाये का? ते तं आपलं हाये."

लहानपणी यात मला काही विशेष वाटलं नाही. आता वाटते. जे रेडिओवरून येते, रेकॉर्डवरून येते ते 'ऐकायचं'. जे आपण स्वतः गातो ते मोजायचंच नाही. शेतीला घरची बैलजोडी मोजत नाहीत तसं.

आणि हे फक्त बाबांच्या डोक्यातलं नव्हतं, यंत्रातच होतं. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांच्या आवाजाच्या तबकड्या निघाल्या तेव्हा एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत. ख्यालही तीन मिनिटांत बसवावा लागला. पुढे तीन-तीन मिनिटांच्या अनेक तबकड्या फोटोच्या वहीसारख्या जाडजूड पुठ्ठ्यात घालून विकू लागले, त्यावरून 'अल्बम' हा शब्द आला. तीन मिनिटांत जे बसलं ते गाणं झालं. जे रात्रभर चालते, ज्यात प्रेक्षकातला कोणी उठून टोमणा मारतो आणि गाणारा त्यालाच गाण्यात घेतो, ते कुठल्या तबकडीवर बसणार? बाबांची ढोलकी कुठेच नाही. ते गेले तेव्हा माझ्याकडे त्यांचा फोटो होता, आवाज नव्हता.

माणूस एकदा ठेच लागल्यावर शहाणा होतो म्हणतात. मी झालो नाही. पुढे ऐका.

२०११ ते २०१७ मी एटापल्ली तालुक्यात एका आश्रमशाळेत शिक्षक होतो. सुट्टीत मूलला घरी यायचो आणि परत जायचो. मूल, सावली, वैनगंगेचा पूल, गडचिरोली, चामोर्शी, आष्टी, आलापल्ली, एटापल्ली. एसटी चुकली की काळीपिवळी. ज्यांना या दोन जिल्ह्यांचं सांस्कृतिक धोरण लिहायचं असेल त्यांनी एकदा काळीपिवळीत मागच्या सीटवर बसून हा प्रवास करावा. मूल-सावलीपर्यंत भीमगीतं आणि मराठी लोकगीतं. चामोर्शीला बंगाली कीर्तन लागायचं, कारण पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासित कुटुंबांची गावं त्या भागात आणि मुलचेऱ्याकडे आहेत. आलापल्लीपासून सिरोंचाकडे वळणारे लोक बसले की तेलुगू. एटापल्लीकडे निघालो की छत्तीसगढी आणि कधी कधी गोंडी. ड्रायव्हरला मी विचारलं होतं, तुला स्वतःला काय आवडते? तो म्हणाला, "पॅसेंजर पाहून गाने लावा लागते सर. आपली आवड घरी."

तेव्हा तिकडे इंटरनेट असून नसल्यासारखं होतं. आठवडी बाजारात एक पोरगा टेबलावर जुना कॉम्प्युटर मांडून बसायचा. 'गाणे भरून मिळतील.' वीस रुपयांत मेमरी कार्ड भरून. त्याच्या स्क्रीनवर फोल्डर होते, हिंदी न्यू, मराठी डीजे, तेलुगू हिट, सीजी म्हणजे छत्तीसगढी, आणि शेवटी गोंडी. हिंदीच्या प्रत्येक फाईलला सिनेमाचं नाव, गायकाचं नाव. गोंडीच्या फोल्डरमध्ये काय? गोंडी १, गोंडी २, गोंडी ३. कोणी गायलं, कोणत्या गावचं, लग्नाचं की पंडुमाचं, काही नाही. पोराला विचारलं तर म्हणाला, "कोनाचं हाये मालूम नाही सर, पन चालते चांगलं."

शाळेत पहिल्या वर्षी मी एक चूक केली. नवा होतो, मुलं बोलत नव्हती. त्यांची घरची भाषा माडिया, माझी मराठी. मी म्हटलं गाण्यावरून बोलती करू. एकेकाला उभं करून विचारलं, "तू कोणती गाणी ऐकतोस?" दोघा-तिघांनी सिनेमाची नावं घेतली. एक सातवीतला पोरगा खाली मान घालून म्हणाला, "काहीच नाही ऐकत सर." मी हसून म्हटलं, अरे असं कसं? तुझ्या घरी मोबाईल आहे, बाजारातून कार्ड भरून नेता, सांग ना. तो आणखीच गप्प झाला.

संध्याकाळी जुन्या सहकाऱ्यानं मला बाजूला घेतलं. "सर, इथे हा प्रश्न जरा जपून विचारा." मग समजावून सांगितलं. या जंगलात गाण्याची ताकद सगळ्यांना माहीत आहे. चळवळीची गाणी तेलंगणातून आली, गद्दरांच्या चालीवर गोंडीत गायली गेली. दुसरीकडून जनजागृतीची गाणी आली, तीही गोंडीतच. मधल्या गावातल्या माणसासाठी 'तुझ्या मोबाईलमध्ये कोणतं गाणं आहे' हा प्रश्न गमतीचा नाही. विचारणारा कोण, त्यावर उत्तर ठरते. आणि सगळ्यात सुरक्षित उत्तर एकच, 'काहीच नाही.'

मला स्वतःची लाज वाटली. पुण्या-मुंबईत, नागपुरात, आमच्या टपरीवरही जो प्रश्न दोस्तीचा, तोच तिथे चौकशीचा होता. मी तोपर्यंत समजत होतो, आवडीनिवडी सांगणं ही सगळ्यात निरुपद्रवी गोष्ट आहे.

त्या पोराशी ओळख व्हायला दोन वर्षं लागली. नववीत गेला तेव्हा स्वतःहून म्हणाला, "सर, माझ्या आजीला खूप गाणे येतात." २०१३ च्या उन्हाळ्यात पटनोंदणीसाठी मी त्याच्या गावी गेलो. रस्ता संपल्यावर दोन तास पायी. रात्री तिथेच मुक्काम. जेवण झाल्यावर अंगणात आजी गायली. रेला. पालुपदात रेला शब्द येतो म्हणून त्या गाण्यांना रेला म्हणतात. अंगणात बाया एकमेकींच्या कमरेत हात घालून उभ्या राहिल्या, एक बाजू गायची, दुसरी बाजू उचलायची. मग बाकीच्या बसल्या आणि आजी एकटी एक गाणं म्हणाली. नातू मला हळू आवाजात मराठीत सांगत होता. नदीचं गाणं होतं, सासरी गेलेल्या मुलीचं. पूर उतरत नाही तोवर माहेर नाही, असं काहीसं. ज्यांनी पावसाळ्यात पर्लकोटेचा पूर आणि भामरागडचा तुटलेला संपर्क पाहिला आहे त्यांना हे गाणं किती खरं आहे ते वेगळं सांगायला नको.

मी मोबाईल काढला आणि रेकॉर्ड केलं. साडेचार मिनिटं. मधे कुत्रं भुंकलं, कोणीतरी खोकललं.

परत लावून ऐकवलं. आजीनं कान लावून पूर्ण ऐकलं आणि नाराज झाली. नातवाला काहीतरी म्हणाली. तो म्हणाला, "सर, ती म्हणते एक कडवं सुटलं. पुन्हा म्हणते." माझ्या मोबाईलची बॅटरी संपत आली होती, गावात वीज नव्हती. मी म्हटलं, पुढच्या वेळी. मग आजीनं विचारलं, हे आता कुठे जाते? मी म्हटलं, "कुठे जात नाही आजी. राहते इथेच. कधीही ऐकता येते."

पुढची वेळ आली नाही. परीक्षा, निवडणुकीची कामं, माझ्या आईचं आजारपण. २०१७ ला बदली झाली आणि मी चंद्रपूरला आलो. आजी नंतरच्या एका पावसाळ्यात गेली, मला वर्षभरानं कळलं.

गेल्या महिन्यात त्या पोराचा फोन आला. पोरगा कसला, आता बाप झाला आहे. गडचिरोलीला नोकरीत आहे, मुलगी अडीच वर्षांची. इकडचं तिकडचं झालं आणि म्हणाला, "सर, ते आजीचं गाणं आहे का तुमच्याकडे? पोरीला ऐकवायचं होतं. घरी कोणाकडेच तिचा आवाज नाही."

मी म्हटलं, "आहे ना. पाहतो, पाठवतो."

आणि शोधायला लागलो. तिसऱ्या दिवशी आठवलं. २०१८ मध्ये मोबाईलवर 'स्टोरेज फुल' आलं होतं. प्रशिक्षणाचे व्हिडिओ, सुप्रभातचे फुलांचे फोटो, सगळं साचलं होतं. मी एका रात्री बसून 'सिलेक्ट ऑल' केलं आणि उडवलं. उडवण्याआधी महत्त्वाचं तेवढं मेमरी कार्डवर काढून ठेवलं होतं. ते कार्ड सापडलं. त्यावर काय होतं माहीत आहे? कुमार गंधर्व, वसंतराव, 'गीतरामायण', किशोर कुमारची दोनशे गाणी. सगळी नीट नावं घालून, फोल्डर करून.

यातलं प्रत्येक गाणं जगात लाखो ठिकाणी आहे. मी उडवलं असतं तर काही बिघडलं नसतं. जे गाणं जगात फक्त माझ्याकडे होतं, तेवढंच मी उडवलं. कारण मलाही, बाबांसारखंच, ते 'ऐकायचं गाणं' वाटलं नव्हतं.

हा माझ्या एकट्याच्या मोबाईलचा प्रश्न असता तर इतकं लिहिलं नसतं. पण जरा आजूबाजूला पाहा.

गोंडी बोलणारे २०११ च्या जनगणनेत ३० लाखांच्या जवळपास होते. तरी गोंडी आठव्या अनुसूचीत नाही. संथाली, बोडो २००३ च्या घटनादुरुस्तीनं आल्या, चांगलं झालं. गोंडी सहा-सात राज्यांत वाटली गेली आहे, त्यामुळे ती कोणत्याच राज्याची नाही. गोंडी गाण्यांचं पहिलं मोठं पुस्तक कोणी केलं? व्हेरिअर एल्विन आणि आपले मराठी शामराव हिवाळे यांनी, १९३५ मध्ये, मंडला भागातल्या गाण्यांचं. तेही इंग्रजीत. म्हणजे गाणं गोंडी, पुस्तक इंग्रजी, आवाज कुठेच नाही. भारतातल्या लोकसंगीताची ध्वनिमुद्रणं जपणारं एक मोठं संग्रहालय १९८२ मध्ये उभं राहिलं, आज ते दिल्लीजवळ गुरुग्रामला आहे. त्याच १९८२ मध्ये, २६ ऑगस्टला, चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. एटापल्लीच्या एखाद्या नातवानं आजीचा आवाज शोधायला गुरुग्रामला जायचं का?

आमच्या झाडीपट्टी रंगभूमीचंही तेच. वडसा, म्हणजे देसाईगंज, इथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत. दिवाळीपासून होळीपर्यंत रोज कुठे ना कुठे नाटक, रात्री सुरू होते आणि पहाटे सुटते. दर हंगामात नवी नाटकं, नवी गाणी, ती पण जिवंत. समोर बसून ऑर्गन, तबला, आता ऑक्टोपॅड वाजवणारे वादक. वन्स मोअर आला की पुन्हा. २०२३ ला गडचिरोली जिल्ह्यातल्या परशुराम खुणेंना पद्मश्री मिळाली तेव्हा आम्ही पेढे वाटले. त्याच्या आदल्या वर्षी 'झॉलिवूड' नावाचा सिनेमाही आला. पण गाणी? हंगाम संपला की गाणी संपली. कंपनीवाले रेकॉर्डिंग करू देत नाहीत आणि त्यांचं चूक नाही. नाटक मोबाईलवर आलं तर पुढच्या गावात तिकीट कोण काढणार? टाळेबंदीत हंगाम बुडाला तेव्हा कित्येक वादक मजुरीला गेले. ज्याचा अल्बम असतो त्याला घरबसल्या चार पैसे येण्याची शक्यता तरी असते. ज्याचं गाणं फक्त त्या रात्रीचं आहे, त्याची रात्र बंद झाली की सगळं बंद.

मग काय, सगळं जाणारच आहे असं समजून रडत बसायचं? नाही. कारण याच जिल्ह्यात दोन गाणी टिकलेली मी डोळ्यांनी पाहिली आहेत.

एक भीमगीतं. बाबासाहेबांनी १६ ऑक्टोबर १९५६ ला इथे चंद्रपुरात दीक्षा दिली. दर वर्षी १५-१६ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर जो मेळा भरतो त्यात पुस्तकांच्या दुकानांच्या बाजूला गाण्यांची दुकानं. आधी कॅसेटी, मग सीडी, मग पेन ड्राइव्ह. वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप. मोठ्या दुकानांत, रेडिओवर त्यांना जागा नव्हती तेव्हा हमाल, मजूर, झाडू मारणाऱ्या बायांनी वीस-तीस रुपये काढून कॅसेट घेतली, घरी नेली, लाऊडस्पीकरवर लावली. ती गाणी सरकारनं नाही टिकवली. आपलं गाणं हे मोजायचं गाणं आहे असं त्या माणसांनी ठरवलं, म्हणून टिकली.

दुसरं तुकडोजी महाराजांचं खंजिरी भजन. १६ ऑगस्ट १९४२ ला चिमूर पेटलं, त्यात महाराजांच्या भजनांचा वाटा होता हे इंग्रजांनाही कळलं. महाराजांना नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. महाराज १९६८ मध्ये गेले. आज चिमूर-नागभीडकडच्या कोणत्याही गावात सामुदायिक प्रार्थनेला बसा, दहावीतला पोरगा खंजिरीवर तीच चाल म्हणतो. अल्बम असो नसो. गावोगावच्या मंडळानं रोज संध्याकाळी म्हणायचं ठरवलं म्हणून.

म्हणजे गाणं टिकायला मशीन लागते हे खरं, पण त्याच्या आधी 'हे आपलं आहे आणि मोलाचं आहे' असं मानणारे चार लोक लागतात.

म्हणून काही साध्या गोष्टी सुचवतो. मी तज्ज्ञ नाही, चूक करून शिकलेला माणूस आहे.

या मंडईत, लग्नसराईत गावी जाल तेव्हा आजी-आजोबांचं, आत्याचं, शेजारच्या म्हाताऱ्याचं एक गाणं रेकॉर्ड करा. दळणाची ओवी असो, दंडारीचं असो, रेला असो. आधी विचारा. नाही म्हणाले तर नाही. काही गाणी देवाची असतात, काही फक्त बायांची असतात, ती बाहेर न्यायची नसतात.

सुरुवातीलाच मोबाईलमध्ये बोलून ठेवा. गाणाऱ्याचं नाव, गाव, तारीख, कोणत्या प्रसंगाचं गाणं. 'गोंडी १' करू नका.

कडवं सुटलं म्हणाले तर तेव्हाच पुन्हा घ्या. पुढची वेळ नसते. पॉवर बँक ठेवा.

एक प्रत त्या घरातच ठेवा, मेमरी कार्डवर. एक तुमच्याकडे, एक तिसऱ्या ठिकाणी. आणि त्यांना न विचारता यूट्यूबवर टाकून व्ह्यूज मोजत बसू नका. पैसे मिळाले तर ते कोणाचे, हे आधी ठरवा.

गोंडवाना विद्यापीठ २०११ पासून गडचिरोलीत आहे, चंद्रपूरला आकाशवाणी आहे, दोन्ही जिल्ह्यांत कितीतरी कॉलेजं आहेत. प्रत्येक विद्यार्थ्यानं आपल्या गावचं एक गाणं नाव-गावासह आणून जमा करायचं, एवढा एक उपक्रम केला तरी दोन-तीन वर्षांत असा ठेवा उभा राहील की बाहेरच्या अभ्यासकांना इथे यावं लागेल. फक्त विचारताना इन्स्पेक्टरसारखं विचारू नका. मी एकदा विचारलं होतं.

मागच्या रविवारी मी टपरीवर खरं सांगून टाकलं. कुमार गंधर्व नाही, एक हरवलेलं गाणं आहे म्हणून. सगळे गप्प झाले. मग नर्स ताई म्हणाल्या, "माझ्या आईला भुलाबाईचे गाणे येतात अजून. मी कधी रेकॉर्ड नाही केले." अण्णा म्हणाले, त्यांच्या गावी बतकम्माची गाणी त्यांची बहीण गाते. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बायकोचा आवाज आहे माझ्याकडे. मोबाईलमध्ये. भाजी आणायला सांगते. तेवढाच आहे. पुसला तर जात नाही ना रे?" आमच्यातल्या सगळ्यात लहानानं तिथेच त्यांचा मोबाईल घेतला आणि तो आवाज तीन ठिकाणी टाकून दिला.

त्या दिवशी दुपारी मी माझ्या विद्यार्थ्याला फोन केला. सांगितलं, गाणं नाही. माझ्याकडून उडालं. माफ कर. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "असू द्या सर." मला वाटलं संपलं. रात्री त्याचे दोन व्हॉइस मेसेज आले. त्याला जेवढं आठवते तेवढं त्यानं स्वतः गायलं होतं. दोन्ही मिळून पावणेदोन मिनिटं. दोन जागी शब्द आठवत नाहीत, तिथे नुसती चाल गुणगुणली आहे. मागे मोटारसायकलचा हॉर्न वाजतो आणि एक लहान पोरगी काहीतरी विचारते.

आजीचं सुटलेलं कडवं त्यात नाही. त्याची आत्या छत्तीसगडच्या बाजूला दिली आहे, तिला कदाचित येत असेल, म्हणतो. दिवाळीनंतर आम्ही दोघं जाणार आहोत.

तर, सध्या मी हे ऐकून राहिलो आहे. तुम्ही काय ऐकून राहिले? आणि त्याहून महत्त्वाचं, तुमच्या घरात असं कोणाचं गाणं आहे, जे अजून कोणीच ऐकलं नाही?